पेन्शन हे बलुते नव्हे!

लढाईत पाय गमावलेल्या जवानाला दर काही वर्षांनी बोलावून ‘बाबा, तुझा पाय पुन्हा फुटला का?’ असे कोणी विचारले, तर लोक त्या विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतील. पण ज्याच्या मनावर घाव बसला आहे त्याला हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. झोप लागते का? स्वप्ने पडतात का? अजून पडतात? आता जरा कमी झाली असतील ना? मग टक्के कमी करू! टक्के कमी झाले की पैसे कमी, आणि टक्के विसाच्या खाली गेले की अपंगत्वाचा हिस्सा बंद. आमचा सवाल साधा आहे. ज्याने देशाच्या सीमेवर आपली शांत झोप घालवली, त्याने ती परत आलेली नाही याचा पुरावा किती वेळा द्यायचा?

हा सवाल दिल्लीच्या साऊथ ब्लॉकचा वाटेल; पण तो करमाळा, माढा, सांगोला, मंगळवेढ्याचाही आहे. पाऊस नाही, पाणी नाही, जमीन असली तर दोन एकर खडकाळ, आणि शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडलेल्या. अशा आमच्या सोलापूर जिल्ह्यात दहावी-बारावी झालेले पोर पहाटे उठून रस्त्याने धावते ते भरतीसाठी. गरिबाच्या घरातून निघालेली ही वाट काश्मीरला, सियाचीनला, ईशान्येच्या जंगलात जाऊन पोहोचते. तिथून परत येणारा प्रत्येक जण जसा गेला तसाच येतो, असे समजणे हा भाबडेपणा आहे.

आमच्या समाजाला फौजेची नोकरी आणि तिची पेन्शन म्हणजे काय होती, हे चळवळीतल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. गावकीत राबणाऱ्या महाराला रोख मोबदला कधीच नव्हता. होते ते बलुते. तेही कुणाच्या मर्जीवर. दिले तर दिले, नाही दिले तर दाद कुठे मागायची? फौजेने पहिल्यांदा आमच्या हातात ठरलेल्या तारखेला ठरलेला पैसा ठेवला. सुभेदार रामजी सकपाळ फौजेत होते म्हणून १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब महूच्या लष्करी छावणीत जन्मले. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती थांबवली, तेव्हा १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली. शेवटी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. हा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो. पण अभिमान सांगणाऱ्यांनी हिशेबही विचारला पाहिजे. ज्या पेन्शनसाठी दर काही वर्षांनी साहेबासमोर उभे राहून ‘अजून द्या’ म्हणावे लागते, ती पेन्शन उरत नाही. तिचे पुन्हा बलुते होते!

हे आमचेच म्हणणे आहे असे नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात स्पष्ट सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे. तो दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. मग मनाने जखमी झालेल्या जवानाला हा निकाल लागू नाही काय?

व्यवस्था कशी चालते ते आधी समजून घेऊ. जवान आजारी पडला आणि फौजेला नकोसा झाला की त्याला मेडिकल बोर्डापुढे उभे करतात. बोर्ड दोन गोष्टी ठरवते. पहिली, हा आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला काय? दुसरी, अपंगत्व किती टक्के? आजार नोकरीशी जोडला गेला आणि टक्के वीस किंवा त्याहून अधिक भरले, तरच अपंगत्वाचा हिस्सा मिळतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. पाचव्या वेतन आयोगानंतर बोर्डाने घरी पाठवलेल्यांसाठी पन्नासच्या आतले टक्के पन्नास धरायचे, असेही ठरले. म्हणजे एकोणीस टक्के लिहिले तर शून्य, आणि वीस लिहिले तर पन्नास! एका टक्क्याच्या फरकाने एक घर उभे राहते नाहीतर मोडते.

पूर्वी एवढ्यावर भागत नसे. ठरावीक वर्षांनी पुन्हा बोर्ड बसायचे, पुन्हा टक्के मोजायचे. कित्येकांचे टक्के अशाच पुनर्तपासणीत विसाखाली आले आणि पैसे थांबले. २००१ साली केंद्र सरकारने हा जाच मोडला. वरचेवर पुनर्तपासणी होणार नाही, कायमचे अपंगत्व एकदा ठरले की ते जन्मभरासाठी, आणि ते कायमचे नसेल तर फार तर एकदाच तपासणी, असा निर्णय झाला. जवानाने स्वतः मागितली तरच पुढची तपासणी. निर्णय चांगला होता. पण तो १ जानेवारी १९९६ नंतर बाहेर पडलेल्यांच्या वाट्याला आला. त्याआधीच्या अनेकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि त्यातही एक फट राहिलीच. तुटलेल्या पायाला ‘कायमचा’ म्हणायला डॉक्टर कचरत नाही. मनाच्या जखमेला ‘कायमची’ म्हणायला मात्र त्याचा पेन अडतो. म्हणून ती उरलेली एक तपासणी नेमकी याच जवानावर येऊन पडते.

आता ही जखम कशी असते ते पाहू. जगाच्या वैद्यकशास्त्राने तिला आजचे नाव १९८० साली दिले, तेही व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी आवाज उठवल्यानंतर. त्याआधी तिला भित्रेपणा म्हणत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने आपल्याच ३०६ सैनिकांना पळपुटे, भित्रे ठरवून गोळ्या घातल्या. त्यातले कित्येक तोफांच्या माऱ्याने मनाने मोडलेले होते, हे नंतर कळले. त्यांना माफी मिळाली २००६ साली, नव्वद वर्षांनी! या आजारात माणूस प्रसंग आठवायचे टाळतो, बोलायचे टाळतो, माणसे टाळतो. काही महिने बरा दिसतो. मग दिवाळीत शेजारी सुतळी बॉम्ब फुटला की खाटेखाली शिरतो. कधी हा आजार प्रसंगानंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी डोके वर काढतो.

अशा माणसाला बोर्डापुढे उभे केले तर काय होईल? पंधरा-वीस वर्षे ज्याला ‘सब ठीक है साहब’ एवढेच बोलायला शिकवले आहे, तो त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून, ताठ उभा राहून तेच बोलणार. बोलायचे टाळणे हे या आजाराचे लक्षण आहे. आणि बोर्ड त्यालाच बरे झाल्याची खूण समजून बसते! एक दिवसाच्या भेटीत जे दिसत नाही ते दिसते कुणाला? रात्री किंचाळून उठलेल्या नवऱ्याला ज्या बाईने धरून ठेवले तिला. पण तिची साक्ष मागेपर्यंत बोर्डाने काय करायचे आणि काय नाही, हे तिला विचारायची पद्धत आमच्या व्यवस्थेत कुठे आहे?

दुसरी अडचण आहे ती ‘नोकरीमुळे झाला काय’ या प्रश्नाची. मानसिक आजार म्हटला की ‘हा प्रकृतीतलाच दोष, नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा मारून फाईल बंद करणे सोपे असते. खरे तर लष्करी डॉक्टरांसाठीच्या २००८ साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत याबाबत साफ लिहिले होते. अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचा भाग, अतिउंच बर्फाळ प्रदेश, अगदी एकाकी चौकी, आणि भूकंप-वादळासारख्या आपत्तीत प्रेतांच्या सान्निध्यात करावे लागलेले काम, अशा ठिकाणी उद्भवलेला मानसिक आजार नोकरीमुळे झाला असे मानावे. आईवडील, बायको, मूल गेल्यावर रजा नाकारली गेली आणि त्यानंतर आजार उपटला, तर काही अटींवर तो नोकरीमुळे वाढला असे मानावे, हेही त्यात होते.

सोलापूरकरांना प्रेतांच्या सान्निध्याचा अर्थ समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा हादरे आमच्याही घरांना बसले होते. दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून हजारो देह बाहेर काढायला लष्कराचे जवान आले होते. पावसात, दुर्गंधीत, हातांनी माती उपसत त्यांनी काम केले. त्यांच्यापैकी कुणाच्या डोळ्यांपुढून ती लेकरे अजून हलली नसतील, तर त्याला ‘तुझी प्रकृतीच तशी’ म्हणणार काय?

तसेच श्रीलंकेचे. तिथे १९८७ च्या नोव्हेंबरात महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. त्यांना आमचे वंदन. पण त्या जंगलातून जे जिवंत परतले आणि ज्यांच्या आत ते जंगल कायमचे राहिले, त्यांच्या छातीवर कोणते पदक आहे? जुलै २०२२ मध्ये संसदेत सांगितलेल्या आकड्यांनुसार मागच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यातले ६४२ एकट्या पायदळ-तोफखान्यासह भूदलातले. प्रत्येक आत्महत्येमागे हाच आजार होता असे आम्ही म्हणत नाही. पण फौजी गणवेशाआड मन दुखते, एवढे तरी हे आकडे सांगतात की नाही?

न्यायालयाने काही वेळा जवानाचा हात धरला. २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असेच मानायचे. आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानाची नाही. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांचा निकाल आला. १९७२ साली भरती झालेला हा जवान १९७७ साली मानसिक आजाराचा शिक्का मारून घरी पाठवला गेला होता. एका मानसोपचारतज्ज्ञाच्या त्रोटक मतावर आयुष्याचा निकाल लावता येत नाही, असे सुनावत न्यायालयाने त्याची नव्याने तपासणी करायला सांगितले. तेव्हा मधे छत्तीस वर्षे गेली होती! २०१४ साली सुखविंदर सिंग खटल्यात ठरले की ज्याला आजारासाठी घरी पाठवले त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिकच धरायचे. आणि मे २०२५ मध्ये राजुमोन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कारणे न देणारा बोर्डाचा अहवाल टिकत नाही. तोही मानसिक आजारामुळे घरी बसवलेल्या जवानाचाच खटला होता.

पण सगळेच निकाल असे नाहीत. २०१९ साली नरसिंग यादव खटल्यात त्याच न्यायालयाने मानसिक आजार भरतीच्या तपासणीत लपून राहू शकतो असे म्हणत पेन्शन नाकारली. २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे जो उशिरा कोर्टात गेला त्याला मागची थकबाकी फक्त तीन वर्षांचीच. विचार करा. ज्या आजारात माणूस घराबाहेर पडत नाही, कागद उघडत नाही, त्याच आजाराच्या माणसाला कायदा म्हणतो, उशीर का केलास?

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकू. सरकारी पैसा जनतेचा आहे, खोटे दावे होतात, म्हणून तपासणी हवी, असे सांगितले जाते. आम्ही तपासणीच्या विरोधात नाही. खोटा दावा करणारा खऱ्या जखमीचाच घास चोरतो. पण शोध कुठे घ्यायचा? २०२३ साली पुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसले की निवृत्त होताना अपंगत्वाचा लाभ मिळणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीच्या आसपास आहे. बर्फात आणि जंगलात सगळ्यांत पुढे कोण असतो? जवान. आणि कागद भरण्यात मागे कोण पडतो? तोही जवानच! ज्याला नियम माहीत, इंग्रजी येते, बोर्डातल्या डॉक्टरशी बरोबरीने बोलता येते, त्याचे काम होते. ज्याला यातले काही नाही, त्याच्यावर संशय. जातिव्यवस्था आम्ही गावातच पाहिलेली नाही. कागदांच्या उतरंडीतही ती आम्हाला ओळखू येते.

आणि तपासणी ठेवायचीच असेल तर ती माणुसकीने ठेवता येते. अमेरिकेत अशा तपासण्या होतात. तिथले माजी सैनिकही त्यांना वैतागलेले आहेत. तरी तिथल्या नियमांत काही कुंपणे आहेत. टक्के पाच वर्षे टिकले असतील तर, विशेषतः कमी-जास्त होत राहणाऱ्या मानसिक आजारात, एकाच तपासणीवरून ते कमी करता येत नाहीत. वीस वर्षे टिकले तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय त्याखाली नेता येत नाहीत. पंचावन्न वर्षांवरच्या माणसाला सहसा बोलावत नाहीत. एवढे शहाणपण आपल्याला का सुचू नये?

सोलापूरच्या माणसाची स्थिती पाहा. पेन्शनचा हिशेब प्रयागराजला, लष्कराचे मोठे रुग्णालय पुण्याला, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईला. पुणे अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशे. गर्दी पाहून ज्याला घाम फुटतो त्याने रेल्वेच्या जनरल डब्यात बसून न्याय मागायला जायचे! पुण्याला खडकीत अपंग सैनिकांसाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरी तांत्रिक संस्था आहे, १९७४ पासून मणक्याला मार बसलेल्यांचे पुनर्वसन केंद्र आहे. हात, पाय, मणका यांच्यासाठी जे उभे राहिले त्याचे आम्ही स्वागतच करतो. मनासाठी तसे काय उभे राहिले?

यात आमच्या समाजाचाही दोष आहे, तो झाकून चालणार नाही. गावात अशा माणसाला ‘फौजी दारुडा झाला’, ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात आणि बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत हे घडावे? २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला तो कशासाठी? पैसा आणि महिने अंगारे-धुपाऱ्यात जातात, उपचाराची नोंद कुठे होत नाही, आणि पुढे बोर्ड विचारते, कागद कुठे आहेत? आमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. तिथला केसपेपर हा त्या माणसाच्या औषधाइतकाच त्याच्या हक्काचाही आधार आहे.

पुढचे संकट तर दारात उभे आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षे नोकरी, पेन्शन नाही. नोकरीमुळे अपंगत्व आले तर एकरकमी ४४ लाख, २५ लाख किंवा १५ लाख, तेही अनुक्रमे शंभर, पंच्याहत्तर आणि पन्नास टक्क्यांना. जो आजार कधी कधी वर्षांनी उघड होतो, तो या पोरांना घरी परतल्यावर, शेतात किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये गाठेल. तेव्हा त्यांनी कुणाच्या दारात जायचे? पेन्शनच नाही तर तिची पुनर्तपासणी कसली, असे म्हणून सरकार मोकळे होणार काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एकदा मान्य झालेल्या मानसिक अपंगत्वाची पुनर्तपासणी जवानाने स्वतः मागितल्याशिवाय होता कामा नये. आणि मागितली तरी आधीचे टक्के कमी होता कामा नयेत. बोर्डाने कारणे लिहावीत आणि त्याची प्रत जवानाला मराठीतही द्यावी. घरच्या बाईची साक्ष नोंदवावी आणि शासकीय रुग्णालयाचे केसपेपर ग्राह्य धरावेत. जुन्या पुनर्तपासण्यांत ज्यांचे पैसे थांबले त्यांच्या फाइली सरकारने आपणहून उघडाव्यात. एकेकाला कोर्टात ओढू नये. बोर्डाने वर्षातून काही दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी यावे. आणि अग्निवीराचा मानसिक आजार उशिरा उघड झाला तरी त्याचा दावा ऐकला जावा.

हे सरकार आपणहून करील या भ्रमात राहू नका. समता सैनिक दलाच्या उभारणीत माजी सैनिकांचा हात होता, हे विसरू नका. आज त्या सैनिकांना आपला हात हवा आहे. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतल्या माजी सैनिकांची यादी करावी. कोण घराबाहेर पडत नाही, कुणाची पेन्शन थांबली, कुणाच्या बोर्डाचा कागदच घरात नाही, हे विचारावे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाने बोर्डाची प्रत मागता येते. तो अर्ज लिहून द्यायला आपल्या शिकलेल्या पोरांनी एक रविवार द्यावा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर मदतीची वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ती सोलापुरात कशी चालते ते पाहावे, आणि चालत नसेल तर निवेदन घेऊन उभे राहावे.

बाबासाहेबांनी आपल्याला बलुते सोडायला शिकवले ते हक्क घ्यायला शिकवण्यासाठी. मनाने घायाळ झालेला आपला फौजी आज कुठल्या तरी वस्तीत कडी लावून बसला असेल. त्याच्या दारावर बोर्डाच्या नोटिशीआधी आपली थाप पडली पाहिजे.